टेरेसवरची होडी

आज सकाळपासून मी डेकला तेल चोळते आहे. मुशीचं, म्हणजे शार्कचं, तेल. हा वास ज्याला ठाऊक नाही त्याला समजावता येत नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला सांगावा लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडक्या धाडधाड लावून घेतल्या. लावा म्हणावं. इतकी वर्षं त्यांच्या फोडणीचा हिंग माझ्या बेडरूममध्ये येतोय, मी कधी खिडकी लावली नाही.

संध्याकाळी सोसायटीची कमिटी येणार आहे, डेक बघायला. त्यांना पटलं तर डेक राहील. नाही पटलं तर उद्यापासून उचकटायला लागायचं. आणि डेक गेला की बाबाही जाणार, फळ्या टेम्पोत भरून, उरणला आत्याकडे. तसं त्यांनी सांगूनच टाकलंय, आणि माझे बाबा एकदा बोलले की बोलले. म्हणून मी तेल चोळते आहे. रागात चोळते आहे, त्यामुळे काम चांगलं होतंय.

आमचा फ्लॅट नेरूळला, पहिल्या मजल्यावर. खाली दुकानांची रांग, आणि त्या दुकानांच्या छतावर उघडणारं हे टेरेस. इथे आधी वॉशिंग मशीनचं खोकं, मोडकी सायकल आणि तीन मेलेल्या तुळशी होत्या. आता होडी आहे. म्हणजे होडीच्या फळ्या आहेत, पण मी होडीच म्हणते. बाबाही होडीच म्हणतात. डेक हा शब्द माझ्या नवऱ्याचा. सुहास साताऱ्याकडचे. त्यांच्या गावातलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे विहीर. त्यांनी मोबाइलवर कुणाच्या तरी बंगल्याचं लाकडी अंगण पाहिलं आणि म्हणाले, "अगं, आपण डेक करू या." बाबा तेव्हा म्हणाले होते, "डेक त्या न्हावा शेव्याच्या जहाजान्ला आसतो. आपल्या होडीला कुठला डेक?"

मी सारसोळ्याची, तिथल्या कोळीवाड्यातली. इथून चालत निघालं तर चहा गार व्हायच्या आत पोचता येतं. लोक लग्न करून परगावी जातात, मी रस्ता ओलांडला. पण त्या रस्त्याच्या अलीकडचे लोक मासे विकत घेतात आणि पलीकडचे धरतात, एवढा फरक माझ्या लहानपणी फार मोठा होता.

तेलाचं फडकं फळीवरून फिरलं की खालचे रंग दिसतात. वर निळा, जिथे निळा उडाला तिथे हिरवा, आणि खिळ्यांच्या भोवती कुठे कुठे तांबडा. दर नारळी पौर्णिमेआधी होडीला रंग लागायचा आणि कुठला लावायचा यावरून घरात भांडण व्हायचं. आयला पिवळा हवा असायचा. आय म्हणजे माझी आई. बाबा म्हणायचे, पिवळी होडी लांबून हळद लागल्यासारखी दिसते. मग निळाच लागायचा. आय चार दिवस बोलायची नाही, पण पूजेच्या दिवशी होडीच्या नाळेला हळदीचे असे भरघोस पट्टे ओढायची की पुढची बाजू पिवळीच व्हायची. त्या दिवशी घरात नारळाच्या वड्यांचा वास आणि अंगणात रंगाचा वास, आणि मला अजूनही रंगाचा डबा उघडला की वेलदोड्याची आठवण येते.

पावसाच्या आधी होड्या वर ओढायचे. सगळी आळी दोरीला लागायची. एक जण सूर धरायचा, बाकीचे त्या सुरावर ताणायचे, आणि होडी चिखलातून अशी कण्हत वर यायची की आम्ही पोरी पोटावर हात धरून हसायचो. मग ती आडवी करून तिचं पोट खरवडायचे. कालवांची कवचं, शेवाळ, काय काय निघायचं. त्याचा एक हिरवा, उग्र वास अंगणात आठवडाभर राहायचा. आणि मग फटी बुजवायचं काम. ते बाबांचं आवडतं काम. कापसाची वात तेलात भिजवून फळ्यांच्या मधल्या फटीत बसवायची, लाकडी हातोड्यानं ठोकायची, वरून गरम राळ. टक टक टक, सगळ्या घरांसमोर तोच आवाज. वाती वळून द्यायचं काम आम्हा पोरींचं. माझ्या वाती सगळ्यात घट्ट असायच्या, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

होडीत मला कधी नेलं नाही. आमच्याकडे मुलगे जायचे, पोरी काठावर. मी रडले, भांडले, एकदा जाळ्याखाली लपून बसले तर पांडूकाकानं शेपटी धरावी तशी वेणी धरून बाहेर काढलं. पांडूकाका म्हणजे बाबांचा जोडीदार, होड्या बांधणारा. "पोरीची जात काठावर बरी," असं म्हणाला होता. बाबा पहाटे भरतीच्या हिशेबानं निघायचे, आणि मी शाळेत असताना परत यायचे, आणि मी परत यायच्या आत झोपलेले असायचे. माझ्या लहानपणातले बाबा म्हणजे दारामागे टांगलेला ओला सदरा. त्याला मिठाचा, विडीचा आणि चिखलाचा वास यायचा. मी त्या सदऱ्याशी जास्त बोलले असेन.

आता होडीच माझ्या घरी आहे. बघू कोण मला काठावर ठेवतं.

आयनं याच सेक्टरांतून टोपली फिरवली. या बिल्डिंगा नव्या नव्या झाल्या होत्या, भिंतींना ओल्या चुन्याचा वास यायचा आणि सगळे जिने सारखे दिसायचे. आय घरं लक्षात ठेवायची ती माशांवरून. पापलेटवाली बाई, कोळंबीवाले, ते फक्त रविवारवाले, आणि ते चिखलातल्या निवटीचं नाव काढलं की तोंड वाकडं करणारे. सुट्टीच्या दिवशी मी तिच्या मागोमाग वजनकाटा घेऊन जायचे. खाली वॉचमन म्हणायचा, मावशी जिन्यानं जा, लिफ्टला वास लागतो. आय जायची जिन्यानं, आणि प्रत्येक मजल्यावर मुद्दाम "म्हावरं घ्या म्हावरं" असं ओरडायची, की लिफ्टमधल्यांनाही ऐकू जावं. माझा आवाज तिच्यावर गेलाय.

दुपारी टोपली रिकामी झाली की आम्ही खाडीच्या कडेनं घरी यायचो. ओहोटी असली तर चिखलात निवट्या उड्या मारत असायच्या, तिवरांच्या मुळांत चिंबोऱ्या सरकायच्या, आणि लांब बांबूंच्या वलांडींवर बोंबील वाळत टांगलेले असायचे. वारा आला की त्यांचा कोरडा, सळसळता आवाज यायचा. आय टोपली उपडी घालून त्यावर बसायची, पायाला लागलेला चिखल काडीनं खरवडायची आणि मला म्हणायची, "शिक गो बाय, नायतर ही टोपली हाय तुज्या नावाची." मी शिकले. बँकेत लागले. टोपली कुठे गेली कुणास ठाऊक. मला ती हवी होती.

आय गेली. घर बिल्डरकडे गेलं. बाबा माझ्याकडे आले ते एक पेटी आणि एक वल्हं घेऊन. वल्हं कशाला, असं सुहासनी विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. ते वल्हं हॉलमध्ये टीव्हीच्या मागे उभं राहिलं आणि बाबा टीव्हीच्या समोर बसून राहिले. फरशीवर त्यांचे पाय बघवायचे नाहीत. रुंद, बोटं फाकलेली, ओल्या लाकडावर घट्ट बसायला झालेली ती पावलं गुळगुळीत टाइल्सवर घसरायची. रोज सकाळी जेटीवर जाऊन होडी बघून यायचे. होडी चिखलात पडून होती. पांडूकाकाचीही तिथेच. दोघं शेजारी शेजारी बसून आपापल्या होड्यांकडे बघत विड्या ओढायचे.

मग उन्हाळ्यात सांगण्यात आलं की जेटी मोकळी करायची आहे, सुशोभीकरण होणार, बाकं बसणार. पडून असलेल्या होड्या उचला. भंगारवाला आला, त्यानं होडीच्या पोटावर थापा मारल्या आणि म्हणाला, जळणाला जाईल. होडीचं लाकूड आमच्या घरात कधी चुलीत घातलेलं नाही. तुटकी वल्ही, कुजक्या फळ्या, सगळं परत खाडीत सोडायचे. आय सरपण नसलं तर शेजारून मागून आणायची, पण होडीचा तुकडा लावायची नाही. भंगारवाल्याला हे कोण सांगणार. मी सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हाच सुहासना डेक सुचला. दोघा म्हाताऱ्यांनी होडी सोडवली आणि फळ्या टेम्पोनं आणल्या. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन धावत आला, "मॅडम, लिफ्टमधून नको, वास येतोय." मला आय आठवली. मी म्हटलं, "जिन्यानंच नेतोय. तू सांगतोस म्हणून नाही, लिफ्टमध्ये मावत नाहीत म्हणून." एकेक फळी खांद्यावर घेऊन आम्ही वर नेली. मी, सुहास, बाबा आणि पांडूकाका. जिन्यात रंगाचे पापुद्रे सांडले, आणि मी ते झाडले नाहीत. राहू देत म्हटलं दोन दिवस.

बाहेरचा सुतार बोलवायचा नाही, असं दोघा म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं. होडीच्या पोटाच्या फळ्या वाकलेल्या असतात. त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर दगड ठेवून त्यांनी सरळ केल्या. पूर्ण झाल्या नाहीत, पण बसण्याइतक्या झाल्या. माझं टेरेस काही दिवस सारसोळे झालं होतं. रंध्याचा आवाज, लाकडाचा भुसा, विडी, चहा, आणि दोघांची न संपणारी कुरबुर. पांडूकाकाचे डोळे अधू झालेत आणि बाबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे एक दाखवायचा आणि दुसऱ्याला दिसायचं नाही, एक सांगायचा आणि दुसऱ्याला ऐकू यायचं नाही. तरी काम होत होतं. मी बँकेतून रजा काढली होती. कारण लिहिलं, घरगुती. वाती वळायला बसले. बोटांना अजून सगळं येत होतं.

आणि इथेच आमचं चुकलं. आमचं म्हणजे आम्हा सारसोळ्याच्या तिघांचं. डेकच्या फळ्यांमध्ये फट ठेवतात, पावसाचं पाणी खाली निघून जावं म्हणून. जगाला माहीत आहे. मोबाइलमधल्या त्या बंगल्याच्या फोटोतही दिसत होतं. सुहासनी बिचाऱ्यांनी सांगितलं सुद्धा, "काका, थोडी फट ठेवा हं मध्ये." पांडूकाकानं त्यांच्याकडे फार मायेनं पाहिलं.

"जावयबापू, फट ठिवली तर पानी येल ना आत."

"आत म्हणजे कुठे? खाली स्लॅब आहे."

"तेच बोल्तो ना मी."

आणि मी, शिकलेली, बँकेतली, मीही हसले सुहासना. फट म्हणजे बुडणं, हे माझ्या डोक्यात अक्षरओळख व्हायच्या आधीपासून आहे. आम्ही प्रत्येक फटीत वात ठोकली. वरून राळ ओतली. चारी बाजूंना काठाच्या उभ्या फळ्याही लावल्या, कारण काठ नसलेली होडी कुणी पाहिली आहे का. दुपारच्या उन्हात राळ चकाकत होती. बाबांनी नारळ फोडला, हळद लावली, आणि चपला काढून पहिलं पाऊल ठेवलं. पावलं फळीवर घट्ट बसली. ते मागे वळून माझ्याकडे बघून हसले. मी आत जाऊन कांदा नसताना रडले.

तो महिना चांगला गेला. बाबा पहाटे उठून डेकवर बसायचे. भाजी निवडायचे, जाळं विणायचे, कुणासाठी ते विचारू नका. मी कामावरून आले की त्यांच्या शेजारी मांडी घालायचे. कधीही न सांगितलेल्या गोष्टी ते सांगायला लागले. कुठे पाणी गार लागतं, कुठे पायाखाली वाळू लागते, उधाणाच्या रात्री वल्ह्याला पाणी कसं चमकतं. मला पन्नाशीत बाप मिळाला. हे मी सरळ लिहून टाकते, कारण हे राखण्यासाठीच पुढची सगळी भांडणं केली.

आषाढात एका दुपारी पाऊस कोसळला. नेहमीचा, नवी मुंबईचा, न थांबणारा. मी बाहेर आले तर डेक भरलेला. काठापर्यंत. पाण्यावर वाऱ्यानं आलेली पानं फिरत होती. पांडूकाका त्या दिवशी आमच्याकडेच जेवायला होता. दोघं म्हातारे दारात उभे राहून बघत होते, आणि मी देवाशप्पथ सांगते, दोघांची छाती फुगली होती.

"थेंब गेला नाय खाली," बाबा म्हणाले.

"जाल कसा?" पांडूकाका म्हणाला.

थेंब खाली गेला नाही, पण काठावरून पूर आला. तो खालच्या दुकानाच्या पाटीवर, पाटीवरून गिऱ्हाइकांच्या डोक्यावर. दुकानदार सोसायटीत गेला, आणि सोसायटीचे सेक्रेटरी सावंत आमच्याकडे आले. सावंत वाईट माणूस नाही. रिटायर झाल्यापासून बिल्डिंग हेच त्यांचं ऑफिस. "मॅडम, टेन्शन घेऊ नका, पर्सनली तर बिलकुल नको. पण कंप्लेंट आलीय. एक तर भोकं पाडा, पाणी खालच्या पाइपला काढा. नाहीतर सगळं उचला. आता श्रावण, मग गणपती. गणपतीनंतर कमिटी येऊन बघेल."

सुहासनी ड्रिल आणलं. खरं तर दहा मिनिटांचं काम होतं. बाबा डेकच्या मधोमध पाण्यात मांडी घालून बसले. धोतर भिजलं, तरी उठेनात.

"जनम गेला माजा भोकं बुजवन्यात," ते म्हणाले. "आन आता हातानं पाडू?"

सुहास म्हणाले, "बाबा, ही आता होडी नाही ना."

ते ऐकून बाबा उठले. ओल्या धोतरानं हॉलमधून गेले, टीव्हीच्या मागचं वल्हं काढलं आणि दाराशी उभं करून ठेवलं. "काढा मंग सगली. फल्या घेऊन मी उरनला जातो. भैनीच्या दारात जागा हाय."

त्या संध्याकाळी मी सगळ्यांवर ओरडले. सुहासवर, कारण ते बरोबर होते. सावंतांवर, ते तिथे नव्हते तरी. बाबांवर सगळ्यात जास्त. सासरी वडिलांना सगळे अहो-जाहो करतात, आमच्याकडे बापाला तूच म्हणायची रीत. मी म्हटलं, "तू कुठं जायचं नाय. सगळं लहानपण तू पाण्यावर काढलंस, माझ्या वाट्याला सदरा आला. आता कुठं भेटलास तर चाललास. भोक नको ना, नाय पाडनार भोक. मी उपसेन पाणी."

आणि उपसलं. अख्खा श्रावण. बँकेत जायच्या आधी आणि आल्यावर, पत्र्याचा डबा घेऊन, गुडघे टेकून. पाइपात ओतायचं, परत भरायचं. समोरच्या बिल्डिंगमधून लोक बघायचे. बघू देत. कमरेचं पार भुस्कट झालं. सुहास कधी न बोलता दुसरा डबा घेऊन शेजारी बसायचे. बाबा दारातून बघत राहायचे, आणि वल्हं दाराशीच होतं. हट्टात मी कुणावर गेले ते आमच्या घरात विचारायची सोय नाही.

तर उपसता उपसता एक दिवस दिसलं की पाणी सगळीकडे सारखं राहत नाही. पाइपाकडच्या कोपऱ्यात जास्त साठतं. त्या बाजूचा फळ्यांखालचा लाकडी आधार पावसानं भिजून जरा खचला होता. मी डबा खाली ठेवला. मला जेटीवरची दुपार आठवली. पाणी उतरलं की होड्या चिखलात बसायच्या, आणि कुठलीही होडी सरळ बसायची नाही. सगळ्या एका कुशीवर कलंडायच्या. आम्हा पोरींना तेव्हाच होडीत चढू द्यायचे. आत तिरपं पडून आम्ही आभाळ बघायचो, आणि राहिलेलं पाणी आपोआप खालच्या कुशीला यायचं, तिथून ते उपसून टाकायचं.

"बाबा," मी हाक मारली, "ओहोटीला होडी कशी बसते रे?"

ते दारातून आले. पाण्याकडे बघितलं, खचलेल्या कोपऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पांडूला फोन लाव."

घरात गणपती होते, आरत्या चालू होत्या, आणि टेरेसवर दोघं म्हातारे लाकडाच्या पाचरी मारत होते. एक बाजू उचलत गेले, उचलत गेले, सुहास म्हणाले आता पुरे, तरी दोन पाचरी आणखी. खालच्या बाजूची काठाची फळी बाबांनी स्वतः काढली. मी घाबरून बघत होते. ते म्हणाले, "काठाची फली काय, ती बदलतच व्हतो. पोटाला हात नाय लावला म्हंजे झाला." फळीखाली एक पन्हळ बसवली, ती सरळ पाइपात. भोक एकही नाही.

गणपती गेले. पावसानं उघडीप दिली, चार दिवस कडक ऊन पडलं, लाकूड सुकलं. पांडूकाकानं कुठून तरी मुशीचं तेल मिळवून दिलं. आणि मी सकाळपासून चोळते आहे.

संध्याकाळी कमिटी आली. सावंत आणि दोघं. चपला काढा म्हटल्यावर एकमेकांकडे बघितलं, पण काढल्या. नाकाला रुमाल लावला नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. सावंतांनी बादली मागितली, उंच बाजूला ओतली. पाणी फळ्यांवरून घरंगळत खाली आलं, पन्हळीत पडलं आणि पाइपात गेलं. मी म्हटलं, अजून एक ओता. त्यांनी ओतली. दोघांपैकी एक जण खाली दुकानाशी जाऊन बघून आला. कोरडं होतं.

सावंत खाली वाकून बघत राहिले. त्यांना काही तरी म्हणायचं होतं.

"पाण्याचं ठीक आहे मॅडम. पण हे वाकडं दिसतंय हो. खुर्ची ठेवलीत तर घसरेल."

"आम्ही खुर्ची ठेवत नाही. मांडी घालतो."

"तरी पण. इतकं वाकडं?"

"ओहोटी हाय सायेब," बाबा म्हणाले. ते उंच बाजूला भिंतीला टेकून बसले होते.

सावंतांना हसू आलं. "आणि भरती कधी आहे मग?"

बाबांनी खाडीच्या दिशेला बघितलं. तिथे आता टॉवर आहेत, खाडी दिसत नाही. "भरती हितवर येत नाय. म्हनून तर होडी वर आनली."

मग सावंत थोड्या हळू आवाजात म्हणाले, "आजोबा, रागावू नका, मला मीटिंगमध्ये सांगावं लागेल. हे टेम्पररी आहे की पर्मनंट?"

"मी हाय तवर."

"नाही," मी मध्ये बोलले. हाताला तेल होतं, केस विस्कटलेले, आणि आवाज आयचा निघाला, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असा. "ते आहेत तोवर नाही. मी आहे तोवर. मीटिंगमध्ये तसंच सांगा. ही वाकडीच राहणार, हा वास येणारच, आणि दर वर्षी गणपती झाले की मी हिला असंच तेल लावणार. पाणी खाली आलं तर मला बोलवा. बाकी कशासाठी बोलवू नका."

सावंतांनी मान डोलावली. "पाणी येत नाही तोवर आमचं काही नाही मॅडम," असं म्हणाले आणि चपला घालून गेले. सुहासनी चहा टाकला.

थोड्या वेळानं उरणहून आत्याचा फोन आला. तिनं दारातली जागा रिकामी करून ठेवली होती, फळ्या पावसात भिजू नयेत म्हणून वर पत्राही टाकला होता. कधी निघतोस, विचारत होती. आत्याचा आवाज असा की स्पीकर नसला तरी सगळ्यांना ऐकू येतो. बाबा मोबाइल कानापासून लांब धरून, डेकवर पाय पसरून बसले होते.

"नाय येत गो," ते म्हणाले.

पलीकडून आत्यानं बरंच काही ऐकवलं. एवढी जागा केली, पत्रा टाकला, आणि आता का नाही.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी फडकं बादलीत पिळत होते, बघितलंच नाही असं दाखवलं.

"पोरगी सोडत नाय," ते म्हणाले, आणि मला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाले.

नाहीच सोडणार.